मजेत

शलाका वानखेडेला बढतीची बातमी कळली तेव्हा ती भेंडी चिरत होती. ओट्यावर टेकवलेल्या पडद्यावर महामंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा उमटला. त्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि येता सोमवार सोडून त्यापुढच्या सोमवारी मध्य विभागाची मुख्य भार-नियंत्रक म्हणून पदभार घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, "आभारी आहे, सर." पडदा मावळला आणि तिनं उरलेली भेंडी चिरायला घेतली.

ज्या खुर्चीसाठी तिनं उमेदीची सगळी वर्षं खर्ची घातली होती ती हीच खुर्ची. सूर्य ढगाआड गेला, वारा पडला, कुठं कारखाना अचानक सुरू झाला, की विजेचा भार इकडून तिकडे फिरवून सगळ्या विभागाचे दिवे लागते ठेवायचे, हे त्या खुर्चीचं काम. एक चुकीचा निर्णय झाला तर पाच-सहा जिल्हे अंधारात जातात. म्हणून तिथं डोकं शांत असलेलंच माणूस लागतं, आणि शलाकाचं डोकं किती शांत आहे याच्या गोष्टी महामंडळात नव्या लोकांना सांगितल्या जात.

तिचा नवरा तुषार जेवणाच्या टेबलापाशी विद्यार्थ्यांच्या वनस्पतिशास्त्राच्या वह्या तपासत बसला होता. तो वह्या टाकून उठला. सहावीतली रेवा आतून धावत आली आणि स्वयंपाकघरभर नाचली. मग ती एकदम थांबली आणि आईकडे पाहायला लागली.

"आई, तू उडी का नाही मारून राहिली?"

"मारते ना. आधी भाजी फोडणीला टाकू दे."

खरं सांगायचं तर आत काहीतरी वर आलं होतं. दूध वर यावं आणि कुणीतरी वेळीच गॅस बारीक करावा, तसं ते खाली बसलं. डाव्या कानामागे दोन हलक्या टिचक्या जाणवल्या. तोलकानं त्याचं काम केलं होतं.

तोलक म्हणजे कानामागच्या हाडावर बसवलेली, चण्याच्या डाळीएवढी चकती. मेंदूतून निघून छातीकडून पोटाकडे उतरणारा एक लांब मज्जातंतू असतो. चकती त्याला विजेचा अगदी बारीक स्पर्श करते आणि धडधडतं काळीज, कोरडा पडलेला घसा, चढलेला श्वास पुन्हा जागेवर आणते. प्रत्येक माणसाची ही जागा वेगळी. तिला 'मध्य' म्हणतात. दुःख झालं की तोलक माणसाला मध्यावर आणतो, आणि फार आनंद झाला तरी मध्यावरच आणतो. आधी वैमानिकांनी तो लावला, मग शल्यचिकित्सकांनी, मग भार-नियंत्रकांना तो सक्तीचाच झाला. आता नागपुरात लग्नाच्या जाहिरातीतही 'तोलकधारक' असं अभिमानानं छापत. ऑफिसचा ताप घरी येत नाही आणि घरची कटकट ऑफिसात जात नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि ते शब्दशः खरं होतं.

दुपारभर फोन येत राहिले. मावशी, जुन्या मैत्रिणी, खात्यातले लोक, ज्यांना ही खुर्ची हवी होती तेसुद्धा.

"काय मग, कशी आहेस?"

"मजेत," शलाका म्हणायची.

तुषारनं जाऊन संत्रा बर्फीचा डबा आणला. तिनं एक तुकडा तोंडात टाकला. बर्फी गोड होती, हे तिला समजलं.

"आवडली?" त्यानं विचारलं.

"छान आहे."

तुषारनं तोलक लावलेला नव्हता. कॉलेजात शिकवायला तो लागत नाही, आणि फुकट मिळाला तरी नको, असं तो म्हणे. बायकोचं त्याला कौतुक होतं. पण कधीतरी मित्रांत बसला की तो हसत हसत एक तक्रार करायचा, आमच्या घरी भांडायची सोय राहिली नाही. मित्रांना ती तक्रार वाटत नसे.

पदभार घेण्याआधी मध्य-तपासणी करून घ्यावी लागते. त्या शुक्रवारी शलाका धंतोलीतल्या डॉ. नलिनी कुळमेथे यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्या स्वतःच्या कानामागेही चकती होती.

"सोपं काम आहे, शलाकाताई," त्या म्हणाल्या. "एरवी तोलक तुम्हाला मध्याच्या आसपास ठेवतो. थोडं वर, थोडं खाली चालतं. आज काही मिनिटं तुम्हाला नेमकं मध्यावर नेऊन बसवायचं आणि मशीन बरोबर चालतं का ते पाहायचं. डोळे मिटा."

शलाकानं डोळे मिटले. खोलीतला पंख्याचा आवाज लांब गेला. आधी तळपाय गार पडले. मग जीभ टाळूला चिकटली. दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या. मांड्यांखाली गादीची खुर्ची होती, पण तिला थंड, गुळगुळीत पोलाद जाणवायला लागलं आणि नाकात फिनाईलचा वास भरला. ही जागा तिला माहीत होती. डोळे न उघडताही तिला समोरचं दार दिसलं, हिरव्या पडद्याचं.

"बाबा," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"डॉक्टर, हे बंद करा."

डॉक्टरांनी बंद केलं. कानामागे दोन टिचक्या पडल्या. शलाका सावकाश, बैठकीत माहिती द्यावी तसं बोलायला लागली.

तोलक बसवला त्याच महिन्यात तिचे वडील गेले होते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ती बसली होती. तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं आणि ते पुन्हा आत गेले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नियंत्रण कक्षातला माणूस होता. कोराडीच्या वीज केंद्रातला एक संच बंद पडला होता आणि काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. त्यानं रीतीप्रमाणे आधी विचारलं, कशा आहात, मॅडम? ती म्हणाली, मजेत, बोला. आणि त्या बाकावर बसूनच तिनं सगळा भार हलवला. एकही जिल्हा अंधारात गेला नाही. खात्यात आजही सांगतात ती गोष्ट हीच. फक्त ती कुठं बसली होती ते कुणालाच माहीत नाही.

डॉ. कुळमेथे यांनी तिची जुनी नोंद उघडून तारीख पाहिली.

"तो तुमचा ओळख-काळ होता," त्या म्हणाल्या. "बसवल्यावर पहिले काही आठवडे तोलक काहीच करत नाही, नुसता ऐकतो. नाडी बघतो, घाम बघतो, आणि तुमचं बोलणं ऐकतो. तुम्ही सुखात आहात असं तुमच्याच तोंडून आलं की त्या वेळी शरीर कसं होतं ते टिपून ठेवतो. त्यातला सगळ्यात स्थिर क्षण निवडतो, आणि तो तुमचा मध्य."

"पण मी तेव्हा सुखात नव्हते."

"तुम्ही मजेत म्हणालात."

"आपण म्हणतोच ना तसं."

"म्हणतो," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांनी त्याला मराठी शिकवलं त्यांनी शब्द बरोबर दिले. मजेत म्हणजे आनंदात. कोशात तसंच आहे. हे नुसतं फोन पुढं सरकवायला म्हणायचं असतं, हे त्याला कोण सांगणार? आणि हादरलेलं शरीर फार स्थिर असतं हो. काहीच हलत नाही त्यात. मशीनला याहून चांगलं काय सापडणार?"

"त्या महिन्यात मी कधी खरंच आनंदात असेन की."

"असाल. तेव्हा काय म्हणाला होतात?"

शलाकानं आठवून पाहिलं. रेवा तेव्हा शाळेतही जात नव्हती. ती मागून येऊन पाठीवर चढायची, केस ओढायची, आणि शलाका हसता हसता ओरडायची, गाढवे, उतर खाली, मार खाशील आता. तोलकानं ते राग म्हणून नोंदलं असणार.

म्हणजे इतकी वर्षं, काहीही झालं तरी, ती चकती तिला उचलून त्या बाकावर नेऊन बसवत होती. रेवाचा शाळेचा पहिला दिवस, तुषारबरोबरची सहल, परवाची बढती, सगळं त्या बाकावरून पाहिलेलं. हे भयंकर होतं. भयंकर आहे हे तिला कळत होतं, पण वाटत काही नव्हतं.

"माझ्याकडे कितीतरी लोक येतात," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणतात, नोकरी उत्तम, घर उत्तम, फक्त काही वाटत नाही. मी त्यांना सांगत आले, अहो, तोच तर तोल." त्यांचा हात नकळत स्वतःच्या कानामागे गेला होता.

उपाय एकच होता. तोलक आठवडाभर थांबवायचा. थांबला तरी तो ऐकत राहील, आणि शरीरात काही वेगळं दिसलं की एकदा थरथरेल. त्या वेळी मनापासून बरं वाटत असेल तर लगेच बोटानं चकती दाबायची. तो क्षण धरला जाईल आणि तिथून पुढे तोच मध्य. दहाएक श्वासांत दाबलं नाही तर तो सोडून देईल.

"आणि आठवडाभरात असं काही आलंच नाही तर?"

"तर पदभाराच्या सोमवारी जुना मध्य आपोआप सुरू होईल. नियम तुम्हाला माहीत आहेत. चालू तोलकाशिवाय त्या खुर्चीवर बसता येत नाही. मी अंदाजानं एखादा मध्य ठरवून देऊ शकत नाही. तो तुमचाच असावा लागतो."

"सोमवारपर्यंत सुखी व्हायचं," शलाका म्हणाली.

"तसंच काहीसं. आणि एक सांगते. आधी सुख येणार नाही. जे थांबलं होतं ते आधी येईल."

पण आधी काहीच आलं नाही. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला, पुढचा आठवडा निम्मा संपला. टिचक्या पडत नव्हत्या, तरी आतलं दूध वरच येत नव्हतं. पाय झोपतो तसं सगळं अंग झोपलेलं, आणि मुंग्यासुद्धा नाहीत. तिनं रजा टाकली होती. घरात बसून ती नेमून दिलेल्या कामासारखी सुखाची वाट पाहत होती.

तुषारला तिनं सगळं सांगितलं. बाकाचं मात्र थोडक्यात सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि कंबर कसली. सकाळी फुटाळा तलावावर फिरायला, दुपारी तिच्या आवडीची कोथिंबिरीची सांबारवडी, संध्याकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला त्यानं थेट वर्ध्याहून बोलावून घेतलं. मैत्रीण आली, दोघींनी चहा घेतला, मैत्रिणीनं विचारलं, कशी आहेस? शलाकानं तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर न आल्यानं मैत्रीण घाबरून लवकरच निघून गेली.

"मी शेवटची सुखात कधी होते?" एका दुपारी तिनं तुषारला विचारलं. "तुला आठवत असेल."

तुषारनं विचार केला. "तोलकाच्या आधीचा तो मे महिना. कूलरची मोटर जळाली होती. आपण फरशीवर पाणी ओतून झोपलो, रेवा मध्ये. ती रात्रभर पाण्यात पाय आपटत होती आणि तू तिला शिव्या देऊन राहिली होती."

"तुला पदकाचा दिवस नाही आठवला? मुंबईला मंत्र्यांच्या हस्ते मिळालं तो?"

"त्या दिवशी तू छान दिसत होतीस," तुषार म्हणाला.

तिला फरशीचं पाणी आठवलं. ते गार होतं एवढंच आठवलं. दुसऱ्या कुणाची तरी हकिकत ऐकावी तशी तिनं मान हलवली. तिला हे सगळं हवं होतं, खुर्चीही आणि फरशीवरचं ते पाणीही. एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं असं तिला कधीच वाटलं नव्हतं. तोलक तर त्यासाठीच लावला होता.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी पदभार. सकाळपासून तुषारनं तिला दोन देवळं, एक बाग आणि एक जत्रा दाखवून आणली. संध्याकाळी ती पिठल्यासाठी कढईत फोडणी करत होती. रेवा टेबलापाशी चित्र रंगवत होती. तुषार दारात येऊन उभा राहिला.

"आता कसं वाटून राहिलं?"

त्या आठवड्यात हा प्रश्न त्यानं किती वेळा विचारला याची गणती नव्हती. शलाकानं कढईत पीठ सोडलं, झाकण ठेवलं आणि मागं वळली.

"तुषार, पुन्हा एकदा विचारलंस ना, तर ही कढई घेऊन तुझ्या अंगावर येईन."

तिचा आवाज चढला होता. रेवाचा ब्रश थांबला.

"मग काय करू मी?" तुषार म्हणाला. "आठवडाभर येड्यासारखा तुझ्या मागं फिरून राहिलो."

"कोणी सांगितलं होतं फिरायला?"

"कोणीच नाही. तू सांगतेस कुठं काही? बाबा गेले तेव्हा तरी सांगितलं होतंस? त्यांना घरी आणलं, आणि तेव्हाही तू मागच्या खोलीत फोनवर कुठल्या उपकेंद्रावर किती भार टाकायचा ते सांगून राहिली होतीस. लोक मला विचारत होते, जावईबापू, पोरगी कुठं आहे? बाप तुझा होता, शलाका, आणि सगळ्यांसमोर रडत मी बसलो होतो. माझ्या खांद्यावर हात ठेवायलासुद्धा तू आली नाहीस."

सवयीनं ती टिचक्यांची वाट पाहत थांबली. त्या आल्या नाहीत. छातीत काहीतरी वर आलं, आणखी वर आलं, आणि त्याला अडवायला कुणी नव्हतं. ती ओट्याला धरून खाली बसली.

"त्यांनी मला संत्रं सोलून मागितलं होतं," ती म्हणाली. "आदल्या दिवशी. मी म्हटलं, थांबा बाबा, ऑफिसचा फोन आहे. फोन झाला तोवर ते झोपले होते. ते संत्रं माझ्या पर्समध्ये होतं, तुषार. वाळून गेलं तोवर तिथंच होतं."

मग ती रडली. तोंडाचा आ वासून, लहान मुलं रडतात तशी, आवाजाचं भान न ठेवता. ते दुःख शिळं झालेलं नव्हतं. कालच कुणीतरी गेल्यासारखं ते ताजं होतं, आणि ते फार दुखत होतं. तुषार तिच्या शेजारी फरशीवर बसला. त्यालाही रडू फुटलं. मध्येच ती त्याच्यावर पुन्हा ओरडली, तू तेव्हाच का नाही मला खेचून बाहेर आणलंस? तोही ओरडला, तुझ्यासमोर बोलायची हिंमत कोणाची होती?

तेवढ्यात छतावरचा धूरसूचक बोलायला लागला. त्याचा आवाज आकाशवाणीवरच्या निवेदकासारखा, स्वच्छ आणि नम्र.

"स्वयंपाकघरात धूर आढळला आहे. कृपया शांत राहा."

पिठलं बुडाला लागलं होतं. कढईतून काळा धूर निघत होता. तुषार गॅस बंद करायला उठला आणि झाकणाला हात भाजून घेऊन नाचायला लागला. रेवानं ओला टॉवेल आणला आणि तो कढईऐवजी बापाच्या डोक्यावर टाकला.

"कृपया शांत राहा," सूचक म्हणाला.

"शांत राहून राहूनच तर ही पाळी आली, बापा," टॉवेलाखालून तुषार म्हणाला.

शलाकाला हसू आलं. ते रडण्यातूनच आलं, त्याच श्वासात, त्यामुळे आवाज विचित्रच निघाला. नाक वाहत होतं, डोळे धुरानं चुरचुरत होते. रेवा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि नवल असल्यासारखी तिच्या तोंडाकडे निरखून पाहायला लागली.

"आई, तू रडून राहिली की हसून राहिली?"

"गाढवे," शलाका म्हणाली, "खिडक्या उघड आधी."

रेवा उठली नाही. तिनं आईच्या गळ्यात हात टाकून सगळा भार तिच्यावर टाकला आणि दोघी फरशीवर कलंडल्या. शलाकाचं डोकं ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आपटलं. तिनं पोरीला एक धपाटा घातला आणि घट्ट धरून ठेवलं. पोरीच्या केसांना जळक्या पिठल्याचा वास येत होता. बाबा नव्हते. उद्या सोमवार होता. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी टोचत होत्या आणि तरीही हसू थांबत नव्हतं.

कानामागे चकती थरथरली.

ती तिला जाणवली. दाबायची आहे, लगेच दाबायची आहे, हेही तिला ठाऊक होतं. पण एक हात रेवाच्या पाठीखाली अडकला होता. दुसऱ्या हाताच्या बाहीनं ती पोरीच्या गालावर लागलेला निळा रंग पुसत होती, आणि तो पुसला जाण्याऐवजी पसरत होता, ते पाहून पोरगी खिदळत होती, आणि तुषार खिडकीशी वर्तमानपत्रानं धूर बाहेर हाकलत कोणाला तरी सांगत होता, काही नाही, काही नाही, पिठलं आहे. थरथर थांबली. ते दहा श्वास कधी होऊन गेले ते तिनं मोजलंच नाही.

तिला तशी हसताना पाहून तुषारला एकदम चकती आठवली. वर्तमानपत्र हातात धरून तो वळला.

"चकती थरथरली का गं? दाबलीस?"

शलाकानं कानामागे बोट नेलं. चकती निपचित होती. सकाळी आठ वाजता ती आपणहून जागी होईल आणि तिला उचलून हिरव्या पडद्यासमोर नेऊन ठेवेल. ते नको असेल तर आज, आत्ता, डॉक्टरांना सांगून चकतीच काढून टाकावी लागेल आणि खुर्चीला नाही म्हणावं लागेल. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. भीतीही वाटत होती. तिनं बोट खाली घेतलं.

"राहिलं," ती म्हणाली.

रेवानं तिच्या छातीवरून डोकं उचललं.

"राहिलं म्हणजे काय, आई? राहून गेलं, की अजून होऊन राहिलं?"